नादारीचा अर्ज म्हणजे कर्जमाफी नव्हे: व्यक्तिगत दिवाळखोरीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्न भारतातील व्यक्तींच्या दिवाळखोरीविषयी आहेत. कंपन्यांची दिवाळखोरी हा निराळा विषय आहे. वर्तमानपत्रांत रोज वाचायला मिळतो तो बहुधा कंपन्यांचाच विषय असल्यामुळे बऱ्याच गैरसमजांचे मूळ तेथेच सापडते.

दिवाळखोरी आणि नादारी यांत फरक आहे का?

व्यवहारात दोन्ही शब्द एकाच अर्थाने येतात. कायद्याच्या मराठीत मात्र 'नादार' आणि 'नादारी' हे शब्द रूढ आहेत. 'दिवाळखोर' या शब्दाला चिकटलेली अप्रतिष्ठा 'नादार' या शब्दाला नाही, म्हणून येथे आम्ही शक्यतो तोच वापरला आहे. जुन्या पिढीतील वाचकांना नादारी म्हणजे शाळेतील फीमाफी आठवेल. त्या नादारीत अर्ज मंजूर झाला की फी माफ होत असे, आणि न्यायालयातील नादारीही तशीच असावी अशी समजूत करून घेतली जाते. ती चुकीची आहे.

भारतात सामान्य व्यक्तीला असा अर्ज करताच येत नाही, हे खरे का?

खरे नाही, पण या समजुतीला कारण आहे. २०१६ साली संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता संमत केली आणि तिच्या तिसऱ्या भागात व्यक्ती व भागीदारी संस्थांसाठी स्वतंत्र तरतुदी केल्या. हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. नोकरदार, दुकानदार, शेतकरी किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी असलेला सामान्य माणूस त्या अधिसूचनेत बसत नाही. त्यामुळे "संहिता आमच्यासाठी नाही, म्हणजे आमच्यासाठी कायदाच नाही" असा निष्कर्ष काढला जातो.

वस्तुस्थिती अशी की सामान्य व्यक्तींसाठी ब्रिटिश काळातील दोन कायदेच आजही चालतात. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या जुन्या इलाखा शहरांसाठी १९०९ चा कायदा आहे आणि उर्वरित प्रदेशासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. दोन्हींची भाषा जुनी आहे, त्यांतील रकमा तर आज हास्यास्पद वाटाव्यात इतक्या लहान आहेत, आणि त्यांखाली होणाऱ्या अर्जांची संख्या थोडी असल्यामुळे अनेक वकिलांनाही त्यांचा प्रत्यक्ष सराव नसतो. तरीही ते जिवंत कायदे आहेत. पुढील उत्तरांत कलमांचे उल्लेख येतात ते, वेगळे सांगितले नसेल तेथे, १९२० च्या कायद्याचे आहेत. १९०९ च्या कायद्याची चौकट बरीचशी तशीच आहे.

संहितेत अगदी लहान कर्जदारांसाठी 'नवी सुरुवात' नावाची एक प्रक्रियाही लिहिलेली आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० रुपयांपर्यंत, पात्र कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत आणि स्वतःचे घर नाही, अशा अटी तीत आहेत. समाजमाध्यमांवर तिचा उल्लेख जणू ती उपलब्ध असल्याप्रमाणे केला जातो. तिच्या भरवशावर कोणी राहू नये, कारण सामान्य व्यक्तींसाठी ती अमलात आलेली नाही.

अर्ज कोठे करावा लागतो?

मुंबई शहरात उच्च न्यायालयात आणि इतरत्र जिल्हा न्यायालयात, किंवा राज्य शासनाने तसे अधिकार दिले असतील तर दुय्यम न्यायालयात. बँकेकडे, पोलीस ठाण्यात किंवा तहसील कार्यालयात 'दिवाळखोरीचा दाखला' मिळत नाही. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर "मी दिवाळखोर झालो आहे" असे लिहून नोटरी केल्यानेही कोणी नादार ठरत नाही. तसा कागद घेऊन देणारे लोक असतात, एवढेच सांगणे पुरे.

कर्ज किती असले पाहिजे?

मूळ कायद्यात ५०० रुपयांची मर्यादा आहे, त्यामुळे रकमेचा अडसर आज कोणालाच नसतो. अडसर असतो तो दुसऱ्या अटीचा. देणी फेडण्यास आपण असमर्थ आहोत हे अर्जदाराने प्रथमदर्शनी तरी न्यायालयाला पटवावे लागते. हप्ता भरणे जड जात आहे आणि हप्ता भरणे अशक्य आहे या दोन अवस्था न्यायालय वेगळ्या मानते. ज्याच्याकडे कर्जापेक्षा अधिक किमतीची, विकता येण्याजोगी मालमत्ता आहे आणि ती विकण्याची केवळ इच्छा नाही, त्याचा अर्ज टिकणे अवघड असते.

अर्ज मंजूर झाला की कर्जे संपतात ना?

नाही. सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

या प्रक्रियेला दोन टोके आहेत आणि त्यांमध्ये बराच काळ जाऊ शकतो. पहिले टोक म्हणजे न्यायालय अर्जदाराला नादार ठरवते तो आदेश. या आदेशाने कर्ज संपत नाही. उलट कलम २८ प्रमाणे त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि धनकोंना, म्हणजे ज्यांचे पैसे देणे आहे त्यांना, न्यायालयाच्या परवानगीवाचून त्याच्याविरुद्ध स्वतंत्र दावा लावता येत नाही. रिसीव्हर मालमत्ता विकतो, धनकोंचे दावे तपासतो आणि जे पैसे हाती येतील ते त्यांच्यात हिश्शाने वाटतो. या काळात नादाराला वारसाने किंवा अन्य मार्गाने नवी मालमत्ता मिळाली तर तीही त्याच वाटणीत जाते.

दुसरे टोक म्हणजे मुक्ततेचा आदेश, ज्याला न्यायालयीन वर्तुळात सर्रास डिस्चार्ज म्हणतात. कर्जाच्या ओझ्यातून सुटका होते ती या आदेशाने. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, धनकोंना हरकत घेण्याची संधी मिळते आणि न्यायालय अर्जदाराचे वर्तन तपासते. मालमत्तेतून बिनतारणी देण्यांच्या निम्मी रक्कमही उभी राहत नसेल, म्हणजे जुन्या भाषेत रुपयामागे आठ आणेही पडत नसतील, तर ही स्थिती आपल्या दोषाने ओढवलेली नाही हे अर्जदाराला पटवून द्यावे लागते. हिशेबाच्या वह्या न ठेवणे, फेडता येणार नाही हे ठाऊक असूनही कर्जे घेत राहणे, जुगार किंवा उधळपट्टी यांमुळे हात रिकामे होणे, या गोष्टी सिद्ध झाल्यास बिनशर्त मुक्तता नाकारली जाते. न्यायालय ती सशर्त देऊ शकते, काही काळ पुढे ढकलू शकते किंवा साफ नाकारू शकते.

थोडक्यात, नादार ठरणे हे सुटकेच्या रस्त्यावरचे पहिले नाके आहे. तेथेच प्रवास संपला असे समजून घरी बसणाऱ्यांचे काय होते ते शेवटच्या प्रश्नात पाहू.

अर्ज दाखल झाल्या दिवसापासून वसुली थांबते का?

अमेरिकेतील व्हिडिओ पाहून हा प्रश्न विचारला जातो. तेथे अर्ज दाखल होताच वसुलीला आपोआप स्थगिती मिळते. आपल्या २०१६ च्या मूळ संहितेतही अर्जाबरोबर लागू होणाऱ्या अंतरिम स्थगितीची कल्पना आहे, परंतु १९२० च्या कायद्यात ती नाही. तेथे संरक्षण मिळते ते नादार ठरवल्याच्या आदेशानंतर. मधल्या काळासाठी न्यायालय अंतरिम आदेश देऊ शकते, मात्र ते मागावे लागतात आणि त्यांची गरज दाखवावी लागते.

वसुली एजंटांचा त्रास हा मात्र पूर्णपणे वेगळा मुद्दा आहे. सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करू नयेत, धमकावू नये, कर्जदाराच्या नातेवाइकांना व मित्रांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. त्यांचा लाभ घेण्यासाठी नादार व्हावे लागत नाही. केवळ फोन थांबावेत म्हणून नादारीचा विचार करणाऱ्याने आधी लेखी तक्रारीचा मार्ग अवलंबावा.

गृहकर्जावरचे घर नादारीमुळे वाचते का?

वाचत नाही. ज्या धनकोकडे तारण आहे त्याचा तारणावरील हक्क कायद्याने अबाधित ठेवला आहे. गहाण घर, तारण ठेवलेले सोने किंवा कर्जावर घेतलेली गाडी यांच्याबाबत बँक आपला मार्ग अनुसरू शकते. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन ताबा घेण्याचा मार्ग त्यांपैकीच एक. तारण विकून कर्ज पूर्ण फिटले नाही तर उरलेल्या रकमेपुरती बँक इतर धनकोंच्या रांगेत येते. म्हणून ज्याचे मुख्य ओझे गृहकर्जाचेच आहे त्याला नादारीतून फारसे काही हाती लागत नाही. बँकेशी पुनर्रचनेची बोलणी करणे किंवा घर स्वतःच बऱ्या किमतीला विकणे त्याच्या अधिक हिताचे असते, असे आमचे मत आहे.

मग अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावे लागते का?

नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये ज्या वस्तूंवर जप्ती आणता येत नाही, त्या नादारीतही रिसीव्हरकडे जात नाहीत. कुटुंबाचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे, शेतकऱ्याची शेतीची अवजारे व राहते घर, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याची रक्कम, शासकीय निवृत्तिवेतन, ही त्यांतील ठळक नावे. धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाही असे दागिनेही त्या यादीत आहेत, त्यामुळे मंगळसूत्र उतरवून घेतात ही भीती निराधार आहे. साध्या हुकूमनाम्याच्या, म्हणजे पैसे देण्याविषयीच्या दिवाणी न्यायालयाच्या निकालाच्या, वसुलीत पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भाग जप्तीतून वगळलेला आहे.

शहरातील नोकरदाराच्या मालकीच्या सदनिकेला मात्र शेतकऱ्याच्या घरासारखे संरक्षण मिळत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

अर्जापूर्वी मालमत्ता पत्नीच्या किंवा भावाच्या नावावर केली तर?

हा सल्ला चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सर्वत्र फुकट मिळतो, आणि नादारीच्या प्रकरणांत अर्जदाराचे सर्वाधिक नुकसान तोच करतो. कलम ५३ प्रमाणे हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर एखादी व्यक्ती नादार ठरली, तर तिने केलेले हस्तांतरण रिसीव्हरच्या मागणीवरून रद्द होऊ शकते. प्रामाणिकपणे व योग्य मोबदला देऊन घेणाऱ्याला त्यातून वगळले आहे. नात्यातील बक्षीसपत्राला ते वगळणे लागू पडत नाही, कारण तेथे मोबदलाच नसतो.

तेवढ्यावर थांबत नाही. धनकोंना फसवण्याच्या हेतूने मालमत्ता हलवणे ही कायद्याच्या दृष्टीने स्वतःच 'नादारीची कृती' ठरते, आणि तिच्या आधारे धनकोच तीन महिन्यांच्या आत न्यायालयात जाऊन तुम्हाला नादार ठरवण्याची मागणी करू शकतो. नादारीचा अर्ज फक्त कर्जदारच करतो ही समजूतही येथे दुरुस्त करून घ्यावी. मालमत्ता किंवा हिशेब लपवल्याबद्दल एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. वाचवायला निघालेला फ्लॅटही जातो, न्यायालयाचा विश्वासही जातो आणि मुक्ततेचा अर्ज आला की हेच बक्षीसपत्र समोर ठेवले जाते.

मामांकडून घेतलेले हातउसने पैसे यादीत दाखवले नाहीत तर चालेल का? ते आधीच परत केले तर?

चालणार नाही. अर्जात सर्व देणी, सर्व धनकोंची नावे-पत्ते आणि सर्व मालमत्ता लिहावी लागते. कोणाला लिहावे आणि कोणाला गाळावे याची निवड अर्जदाराकडे नसते. अडचणीत असताना इतर धनकोंना डावलून एकालाच झुकते माप देण्याच्या हेतूने पैसे चुकते केले आणि त्यानंतर तीन महिन्यांत अर्ज दाखल झाला, तर कलम ५४ खाली ती फेड रद्द ठरू शकते. तसे झाल्यास मामांना ती रक्कम रिसीव्हरकडे परत करावी लागेल. नात्यातील संकोच समजण्यासारखा आहे, पण मामांना आधी खरी परिस्थिती सांगणे हे त्यांच्या दारात न्यायालयाची नोटीस पाठवण्यापेक्षा बरे.

मी नादार ठरलो की माझा जामीनदारही सुटतो ना?

सुटत नाही. मुक्ततेचा आदेश केवळ नादारापुरता असतो. सहकर्जदार, भागीदार आणि जामीनदार यांची जबाबदारी कायम राहते असे कलम ४४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. पतसंस्थेच्या कर्जाला सहकाऱ्याने मैत्रीखातर सही दिली असेल, तर तुमच्या मुक्ततेनंतर पतसंस्था त्याच्याकडेच वळणार. अर्ज करण्यापूर्वी त्याला कल्पना देणे कायद्याने बंधनकारक नाही.

बायको-मुलांना माझे कर्ज फेडावे लागते का?

त्यांनी सही केली नसेल तर नाही. पत्नीचे स्त्रीधन आणि तिच्या स्वतःच्या कमाईतून घेतलेली मालमत्ता तिचीच असते. मात्र ती खरोखर तिच्या पैशांतून घेतली होती का, याची चौकशी होऊ शकते. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतील नादाराचा हिस्सा रिसीव्हरच्या पोहोचेबाहेर नसतो, त्यामुळे "जमीन आजोबांची आहे, तिला कोण हात लावणार" हे म्हणणे टिकत नाही. कर्जदाराच्या मृत्यूनंतर वारसांवर जबाबदारी येते ती वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे धार्मिक कर्तव्य आहे, या जुन्या तत्त्वाच्या आधारे मुलाविरुद्ध वसुली करण्याचा मार्ग हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने नव्या कर्जांबाबत बंद केला.

मुक्ततेनंतरही कोणती देणी शिल्लक राहतात?

शासनाचे देणे, ज्यात करांची थकबाकी आली. फसवणुकीने किंवा विश्वासघाताने झालेले देणे. न्यायालयाने ठरवलेली पोटगी. पोटगी चुकवण्यासाठी नादारीचा अर्ज करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो सल्ला कायद्याइतकाच माणुसकीलाही सोडून आहे.

कर्ज फेडले नाही तर तुरुंगात जावे लागते, आणि नादार झाल्यास ते टळते, हे बरोबर आहे का?

दोन्ही वाक्ये अर्धीमुर्धी खरी आहेत. दिवाणी हुकूमनाम्याच्या दरखास्तीत, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीच्या अर्जावर, कर्जदाराला अटक करण्याची तरतूद आहे. तिची कमाल मुदत तीन महिने आहे, आणि पैशांच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रियांना अशी अटक करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितले की केवळ गरिबीमुळे पैसे देता आले नाहीत म्हणून कोणाला कोठडीत टाकता येणार नाही. ऐपत असून टाळाटाळ केल्याचे दिसले पाहिजे. ज्याची खरोखर ऐपत नाही त्याला या निर्णयाचा आधार नादार न होताही मिळतो. नादार ठरलेल्याला अटकेपासून संरक्षणाचा आदेश मागता येतो.

न वटलेल्या धनादेशाचे प्रकरण मात्र फौजदारी आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो, आणि नादारीच्या अर्जाने तो खटला थांबेल असे गृहीत धरू नये. वैयक्तिक हमीदारांना मिळणाऱ्या अंतरिम स्थगितीनेही असे खटले थांबत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आहे.

निवडणूक, नोकरी, संचालकपद यांचे काय?

मुक्तता न मिळालेली नादार व्यक्ती संसदेची किंवा विधिमंडळाची सदस्य राहू शकत नाही. कंपनीच्या संचालकपदासाठी नियम याहून कडक आहे: नादार ठरवण्याचा अर्ज केला असून तो प्रलंबित आहे, एवढ्यानेही २०१३ च्या कंपनी कायद्याखाली अपात्रता येते. छोट्या खाजगी कंपनीत स्वतः संचालक असलेल्यांनी अर्जावर सही करण्यापूर्वी याचा विचार करावा. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्याने अशा कार्यवाहीची माहिती शासनाला द्यावी लागते. खाजगी नोकरी केवळ नादारीमुळे आपोआप जात नाही, परंतु नियुक्तिपत्रातील अटी वाचलेल्या बऱ्या.

सिबिल स्कोअर कायमचा जातो का?

अर्जाची वेळ येईपर्यंत तो बहुतेकांचा गेलेलाच असतो. थकलेले हप्ते, निर्लेखित (बँकेने हिशेबातून बुडीत म्हणून काढलेली) कर्जे आणि दाखल झालेले दावे यांच्या नोंदींनी तो आधीच खाली आलेला असतो. या नोंदी वर्षानुवर्षे दिसत राहतात, पण आजन्म नाही. अर्ज न केल्याने स्कोअर वाचतो, ही कल्पना तर अगदीच निराधार आहे.

नादार आणि 'विलफुल डिफॉल्टर' एकच का?

नाही. ऐपत असून कर्ज बुडवणाऱ्याला, किंवा कर्जाचा पैसा दुसरीकडे वळवणाऱ्याला, रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँका हे नाव देतात आणि ते २५ लाख रुपये व त्यावरील थकबाकीसाठी आहे. नादार म्हणजे ऐपत नसलेला. एकाच माणसाला दोन्ही म्हणणे हा खरे तर विरोधाभास आहे, तरी चर्चेत ते सर्रास घडते.

नादार ठरल्यावर नवे कर्ज घेता येते का?

आपण नादार आहोत हे समोरच्याला न सांगता ५० रुपये किंवा अधिक उधार घेणे हा कलम ७२ खाली गुन्हा आहे. रक्कम १९२० सालची आहे, कलम आजचेही आहे. मोबाइलवरील कर्जाच्या ॲपवर एक बटण दाबूनही ते लागू होऊ शकते.

मुक्ततेसाठी अर्ज करायचा राहून गेला तर?

नादार ठरवताना न्यायालय मुक्ततेसाठी अर्ज करण्याची मुदतही ठरवून देते. ती वाढवून मागता येते. मात्र मुदत उलटून गेली आणि अर्जच आला नाही, तर कलम ४३ प्रमाणे नादारीचा मूळ आदेश रद्द होतो. धनकोंना पुन्हा दावे आणि दरखास्ती चालवता येतात, विकली गेलेली मालमत्ता परत येत नाही, आणि पुन्हा नादारीचा अर्ज करायचा झाल्यास आधी न्यायालयाची परवानगी काढावी लागते. म्हणून नादार ठरवल्याच्या आदेशाची नक्कल हाती पडताच तीतील ही तारीख शोधून लिहून ठेवावी, आणि वकिलांनाही ती त्याच दिवशी विचारावी.